त्या उन्हाळ्यातली ती

अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या आमच्या स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या असतात. वर्षभराचा साठा सासूबाई नागपूरहून संत्राबर्फीसोबत बॅगेत भरून आणतात. कॉलेजात होती तेव्हापासून ती रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घेते. ते औषध आहे हे आम्ही दोघंही केव्हाच विसरून गेलो होतो.

मध्यंतरी तिचं कामात लक्ष लागेना. मीटिंगमध्ये हरवायची, घरी गप्प बसायची. नागपूरच्या घरच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "थकवा येतो ना बेटा? मग थायरॉइडची गोळी एकाच्या जागी दीड घे." तिने तसंच केलं. पुढे इथल्या डॉक्टरने लक्ष लागावं म्हणून मेंदूला चालना देणारी गोळी लिहून दिली. आणखी काही औषधं चालू आहेत का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "नो." तिच्या लेखी खरंच काही चालू नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. ती गुणगुणत पोळ्या लाटायची. मागच्या अंगणात तिने मिरच्या लावल्या, शेजारच्या काकूंना जेवायला बोलावलं, माझ्या रटाळ विनोदांनाही हसली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी नव्याने तिच्या प्रेमात पडलो. तिची झोप उडाली होती, हात थरथरत होते. आम्हाला वाटलं, उत्साह आहे.

एका दुपारी इंडियन ग्रोसरीत तिची छाती इतकी धडधडायला लागली की ती तांदळाच्या पोत्यावरच बसली. हॉस्पिटलमध्ये सगळं उलगडलं. थायरॉइडचं हार्मोन अंगात जास्त झालं, की लक्ष लागायच्या अशा गोळीचा मेंदूवर आणि हृदयावर भलताच जोर चढू शकतो, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. नवी गोळी बंद झाली, जुनी कमी झाली. थोडक्यात निभावलं.

आता ती पुन्हा गप्प असते. मिरच्या वाळून गेल्या. मला त्या हसऱ्या बाईची फार आठवण येते, आणि ती तर माझ्यासमोरच बसलेली असते. हे दुःख कोणाला सांगायचं?

परवा चहा पिताना ती म्हणाली, "खरं सांग यार, ती समरमधली मी तुला जास्त आवडायची ना?"

"वेडी आहेस का," मी म्हणालो. पण म्हणायला जरा उशीरच झाला.

"इट्स ओके," कप विसळायला उठत ती म्हणाली. "मलाही तीच आवडायची."