भुसा न उडवता कापलेली चौकट

व्हीलचेअर बेडरूमच्या दारात अडकली होती. रिकामीच होती. दाते काकू मला नुसतं दाखवत होत्या. एका बाजूचं चाक आत गेलं की दुसऱ्या बाजूचं चौकटीला घासायचं. मी टेप लावला. खुर्ची साडेपंचवीस इंच, चौकटीच्या आतलं अंतर पंचवीस.

"अर्धा इंच कमी पडतोय," मी म्हणालो.

"त्या अर्ध्या इंचापायी अकरा महिने झाले, भाऊ."

मी देवासला सुतारकाम करतो. वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इकडचेच. माझ्याबरोबर रामसिंग असतात. ते जवळच्या बागली गावचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे. ते मालवी बोलतात, मी मराठीत हिंदी मिसळून बोलतो, आणि वीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही.

दाते काका आत पलंगावर होते. तेही कारखान्यातच होते, मेंटेनन्सला. आता फुप्फुसं साथ देत नव्हती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरत असे आणि त्याची नळी काकांच्या नाकाला. दोन पावलं टाकली की दम लागायचा. ते हॉस्पिटलमध्ये असताना काकूंनी बाथरूम नवीन करून घेतलं. मोठं दार, धरायला दांड्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स. सगळं केलं. बेडरूमचं दार तेवढं कुणी मोजलं नाही. दाराचा पल्ला काढून पडदा लावून पाहिला, तरी चौकट आड यायचीच. लहान खुर्ची आणली, तर तीत काका मावेनात. तेव्हापासून काकू त्यांचं अंग पलंगावरच ओल्या टॉवेलने पुसत होत्या, स्वतः कमरेला पट्टा बांधून.

"त्यांना दोन दिवस दुसरीकडे ठेवता येईल?" मी विचारलं.

"हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा चौघांनी उचलून आत ठेवलं. तीन दिवस दम सावरला नाही. पुन्हा नाही ते करायचं."

आतून काकांचा आवाज आला. त्यांचं एक वाक्य तीन श्वासांत पूर्ण व्हायचं. "सुरेशराव, मला... बादलीपाशी बसून... आंघोळ करायचीय. बस."

अख्खी चौकट उखडायची म्हणजे भिंत फोडणं आलं. सिमेंटची धूळ लाकडाच्या भुशापेक्षा वाईट. म्हणजे चौकट जागेवरच दोन्ही बाजूंनी एकेक इंच कापायची. काम साधं होतं. अडचण भुशाची होती.

इकडे त्याला सगळे बुरादाच म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो. जाड भुसा पायाशी पडतो, झाडून घेतला की संपलं. बारीक असतो तो दिसत नाही आणि तासभर हवेत तरंगत राहतो. कापायच्या मशीनचं पातं जोरात फिरतं, म्हणून बारीक भुसा जास्त होतो. आपल्याला फार तर दोन शिंका येतील. काकांच्या बाबतीत शिंकेवर भागणार नव्हतं.

पहिला दिवस आम्ही नुसत्या तयारीत घालवला. बेडरूममध्ये दार आणि पलंग यांच्या मधोमध छतापासून खालपर्यंत जाड प्लास्टिक लावलं, कडा टेपने बंद केल्या. खाली दोन बोटं फट मुद्दाम ठेवली. पलंगामागची खिडकी उघडी ठेवली. हॉलच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. हेतू असा की हवा काकांच्या बाजूने आत यावी, फटीतून आमच्याकडे यावी आणि हॉलमधून बाहेर जावी. म्हणजे भुसाही तिकडेच जाणार. काकूंकडून उदबत्ती घेऊन आमच्या बाजूने क्षणभर फटीशी धरली. धूर सरळ हॉलकडे ओढला गेला. मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला व्हॅक्यूमचा पाइप बांधला. तो रामसिंगनी धरला. लाकडावर पाणी मारलं. कानात बोळे, तोंडावर मास्क. चालू केलं. जुनं सागवान होतं, पातं झोकात चालत होतं. खालून वीतभर काप गेला असेल, तेवढ्यात रामसिंगनी माझा खांदा गच्च धरला आणि ओरडले, "भिया, पन्नी उलटी फूल री है!"

मी मशीन बंद करून वळून पाहिलं. प्लास्टिक आमच्याकडे फुगायला हवं होतं. ते पलंगाकडे फुगलं होतं. आणि पलीकडून खोकला ऐकू येत होता.

हॉलच्या दुसऱ्या खिडकीतला कूलर चालू होता. मी घामाने निथळतोय हे पाहून काकूंनी माया म्हणून तो लावला होता. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. माझा खिडकीतला छोटा पंखा त्याच्यापुढे काय टिकणार. सगळी हवा खालच्या फटीतून काकांकडे निघाली होती.

मी धावत जाऊन कूलर बंद केला. काकू आत गेल्या. त्यांनी काकांना उठवून बसवलं, पाठीशी उशा लावल्या, पंप दिला. तो खोकला मी विसरलेलो नाही. दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागाच उरत नव्हती. मी हॉलमध्ये मास्क लावून नुसता उभा. पंधरा मिनिटं गेली असतील, मला दुपार झाल्यासारखं वाटलं.

खोकला थांबल्यावर काकू बाहेर आल्या. डोळे भरले होते. "मीच लावला हो तो. माझ्या हाताने."

"चूक माझी आहे, काकू. मी सांगायला हवं होतं."

आतून काका म्हणाले, "तिची सवय आहे... जेवायला कुणी आलं... की पंखा फुल्ल. पानातला पापड... उडतो."

काकू रडता रडता हसल्या. "एकदा उडाला होता. एकदाच."

मला मात्र हसू आलं नाही. मी म्हणालो, "आज राहू द्या. मी जरा विचार करून येतो." खरं सांगायचं तर परत यायचं माझ्या मनात नव्हतं.

"पळू नका," काका म्हणाले. "इकडे या."

मी हातपाय धुऊन, शर्ट बदलून आत गेलो. ते चौकटीकडे पाहत होते. "पेन्सिलची रेघ... कुठवर मारलीय?"

"वरपर्यंत. सात फूट."

"खुर्चीचे हात... किती उंच?"

"अडीच फूट असतील."

"मग वरचं... कुणासाठी कापताय? मी काही... उभा राहून जाणार नाहीये."

मी रामसिंगकडे पाहिलं, रामसिंगनी माझ्याकडे. आमच्या दोघांच्या डोक्यात वरून खाली सरळ, एकसारखी चौकट बसली होती. अर्धवट कापलेली चौकट कोण सुतार करतो? पण खुर्चीला तीन फुटांच्या वर काही लागतच नव्हतं. अर्ध्याहून जास्त भुसा तिथल्या तिथे कमी झाला.

मशीन मी पेटीत घातलं. उरलेलं काम हाताने करायचं ठरवलं. दर दोन इंचांवर हातकरवतीने इंचभर खोल आडवा काप घ्यायचा, मग पटाशीने मधलं लाकूड उडवायचं. त्याच्या ढलप्या निघतात, तुकडे. ते हवेत तरंगत नाहीत. करवतीचा थोडा भुसा पडे, तो रामसिंग खाली धरलेल्या ओल्या गोणपाटावर झेलत. प्लास्टिक तसंच ठेवलं, खिडकीतला पंखाही.

काकू पलीकडे काकांचा हात धरून बसल्या. त्यांच्यात काहीतरी ठरलं होतं. काकांनी बोट दाबलं की त्या म्हणायच्या, "थांबा." आम्ही थांबायचो. मग त्या म्हणायच्या, "चला." आम्ही चालू करायचो. असं दोन दिवस चाललं. एरवी कामात कुणी इतकं थांबवलं असतं तर मी वैतागलो असतो. इथं प्रत्येक "चला" ऐकलं की बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी "थांबा" फक्त दोनदा आलं. त्यातलं एक आम्हाला चहा द्यायला.

शेवटी रंधा मारला, काप जिथे संपतो तिथे कोपरा गोल केला, सगळं ओल्या फडक्याने तीनदा पुसलं. मग प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळत काढलं.

काकांना खुर्चीत बसवलं. नळी लांबवाली जोडली. मी खुर्ची ढकलायला पुढे झालो, तर काकू म्हणाल्या, "मी नेते." दोन्ही बाजूंना बोटभर जागा राखत खुर्ची दारातून बाहेर आली. काकांनी जाता जाता कापलेल्या जागेवरून हात फिरवला, बोटं पाहिली. भुसा लागला नव्हता. त्यांनी मान हलवली. मेंटेनन्सवाल्या माणसाने काम पास केल्यावर हलवावी तशी.

आम्ही हॉलमध्ये हत्यारं आवरत होतो. बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. मग काकांचा: "अजून एक तांब्या."

थोड्या वेळाने पुन्हा. "अजून एक."

"पुरे आता, सर्दी होईल," काकू म्हणत होत्या, पण पाणी पडल्याचा आवाज आलाच. रामसिंग करवत पुसता पुसता थांबले.

ती चौकट दिसायला विचित्र आहे. खाली रुंद, वर अरुंद. कुणी पाहिलं तर विचारेल, कोणत्या सुताराने केली. पण तिच्यामुळे मी एक शिकलो. आता घरात काम असलं की टेप काढण्याआधी विचारतो, या दारातून नेमकं कोण जाणार आहे आणि कसं. भुसा आवरण्यासाठी पाइप, पंखे, प्लास्टिक सगळं ठीक आहे. पण जे लाकूड कापायची गरजच नाही, त्याचा भुसा होत नाही. तीस वर्षं लाकूड कापून मला हे सुचलं नव्हतं.