देवीच्या पत्रिकेची निब

आमच्या भावकीत लग्नाच्या पत्रिका कितीही भारी छापून आल्या तरी पहिली पत्रिका हातानंच लिहायची असते. कागदाला ओली हळद लावायची, सावलीत वाळवायचा, आणि घरच्या सुनेनं देवघराचं दार लोटून, एकटीनं, शाईच्या पेननं देवीला आवतन लिहायचं. लिहून झालं की घडी घालायची. ती घडी तुळजापुरात पुजाऱ्यांच्या हातातच उघडायची, तोवर कुणी बघायचं नाही. खाडाखोड नाही, दुसरा कागद नाही. बॉलपेन तर नाहीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "आईला लग्नाला बोलवायचंय, बँकेत स्लिप भरायची न्हाय."

कुणी लिहायची ते नवरी किंवा नवरदेव सांगतो. आणि मी नळदुर्गला सून होऊन आले तेव्हापासून सगळे माझंच नाव सांगायचे. माझं अक्षर मोत्यासारखं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, तिथल्या पावत्या मी लिहिते. खाली कार्बन घालून लिहायचं म्हणजे पेन दाबावाच लागतो. हाताला तीच खोड लागली. अक्षर ठासून, उभं, जरा डावीकडं कललेलं. पण हळदीच्या कागदावर ते नीट बसायचं. शाळेतल्या पोरांचा असतो तसला साधा पेन, कडक बारीक निब, चाललं होतं की सगळं!

मग धाकटी जाऊ आली.

आळंदकडची, घरात कानडी बोलणारी. लग्नात तिनं सोनं किती आणलं ते मला आठवत नाही, पण पेन आणला होता ते आठवतं. काळा, जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचा. त्याची निब टोकाला तिरकी तासलेली. उभी रेघ जाड, वळताना बारीक, पुन्हा जाड. ती लिहायला बसली की पेन नुसता कागदावर टेकवायची, दाबायची म्हणून नाही. मराठी तिची तोडकीमोडकी, पण अक्षर बघत राहावं असं.

एका पुतण्याच्या लग्नात मी तापानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून पत्रिका तिनं लिहिली. तुळजापूरहून नवरा परत आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "अगं, काय अक्षर हाय तिचं! पुजारी लई खूश झाले. म्हणाले, असली पत्रिका बघितली न्हवती."

"आन् माझ्या बघितल्या होत्या त्या?" मी विचारलं.

"तुझ्याबी चांगल्याच असत्यात की," तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

जळले मी. सरळ सांगते, जळले. ताप उतरला, पण ही आग काही उतरेना. त्यानंतर भावकीत जो तो म्हणायला लागला, धाकटीला सांगा. आणि तीही मेली गोड इतकी, की भांडायला जागा देईना. "अक्का, तुम्हीच लिवा, मी हळद लावून देते," म्हणायची. लोकांपुढं असं म्हटलं की चांगुलपणा तिच्याच पदरात! त्यात माझी लेक. पोटची पोर माझी आणि बसायची तिच्या मांडीला मांडी लावून. काकू पेन कसा धरते, काकू शाई कुठली घालते, दिवसभर काकू आणि काकू. मला कधी कुणी विचारलं नाही मी शाई कुठली घालते.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पोरगी कुणाचं नाव घेते? बस्ता, मांडव, जेवणावळ, सगळं त्याच्यामागं.

मी आधीच तयारीला लागले. मोबाइलवर बघून तसलीच तिरकी निब मागवली. आली, पेनात बसवली, आणि अगंबाई, शाईचा नुसता चिखल! हळदीच्या कागदावर अक्षर असं फुटलं, जणू पालीनं पाय बुडवून फिरावं. तेव्हा कळलं की नुसती निब बघून भागत नाही. निबेखाली खाचा पाडलेला काळा तुकडा असतो, त्याला आमच्याकडं जीभ म्हणतात. टाकीतली शाई निबेपर्यंत आणायचं काम तिचं. जाड निबेला शाई जास्त लागते म्हणून तिच्यासोबत सढळ जीभ देतात. पांढऱ्या गुळगुळीत कागदावर ते शोभतं. हळदीचा कागद मात्र तहानलेला, द्याल तेवढं पितो. माझा जुना पेन चालत होता तो जीभ चिंगूस होती म्हणून, आणि मला वाटायचं माझी करामत!

मग माझे खेळ सुरू झाले. दुसरी जीभ मागवली, बारीक खाचेची. ती निबेला चिकटून बसेना, मध्ये फट, शाईच उतरेना. मग तिला गरम पाण्यात धरायचं आणि नरम झाली की अंगठ्यानं निबेवर दाबून बसवायचं. हे मी चहाच्या पातेल्यात करत होते. नवऱ्यानं निळसर चहाचा घोट घेतला आणि मला विचारलं, "लग्नाच्या आधीच वर पाठवतीस का मला?"

मी म्हटलं, "गप प्या. तुमच्याच लेकीसाठी चाललंय."

जीभ बसली तरी निब खरखर करायची. कारण मी पेन डावीकडं वळवून धरते, म्हणजे तिरकं टोक सपाट टेकतच नाही, नुसता कोपरा घासतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणायच्या आधी मीच मला म्हणून घेतलं. माझ्या हाताला शोभेल अशी निब घ्यायची, तर मी त्या निबेला शोभेल असा हात करायला निघाले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की रद्दीवर गिरवत बसायची. दाब सोडला. डावा कल सोडला. जावेनं पूजेच्या सामानाची चिठ्ठी लिहिली होती, ती गुपचूप उचलून समोर ठेवली आणि तिचा ळ, तिचा श्र, तिची वेलांटी अशी गिरवली की बोटं दुखायला लागली.

हळद लावायचा दिवस आला. घरच्या सगळ्या बाया ओसरीवर. सासूबाईंनी लेकीला विचारलं, "कोण लिवणार गं?"

"आई," ती म्हणाली. क्षणभरही थांबली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे होतं. आलं नाही. मनात आलं, चार बायांपुढं आईचं नाक कापायचं नाही म्हणून म्हणाली असेल. कारण त्याच दुपारी ती काकूच्या खोलीत बसून खिदळत होती, दाराबाहेर मला ऐकू येत होतं. मी ठरवलं, दया करतीस का माझ्यावर? आता अशी लिहिते, की काकू विसरशील.

दुसऱ्या दिवशी जाऊ माहेरी गेली होती, तेव्हा मी देवघराचं दार लोटलं. वाळलेला कागद आधी वाटीच्या बुडानं घोटून घेतला, शाई पसरू नये म्हणून. टाकी काठोकाठ भरली. उन्हाळ्यात टाकी अर्धी असली की हाताच्या उबेनं थेंब गळतो, हेही शिकले होते. आणि लिहिलं. देवीशपथ, एक अक्षर फुटलं नाही. वेलांट्या अशा उतरल्या की माझं मलाच पटेना. घडी घातली तेव्हा मनात उकळ्या फुटत होत्या. आता बघू म्हटलं, पुजारी काय म्हणतात ते.

तुळजापुरात गर्दी होती. आम्ही सगळे पुढं सरकलो. लेक माझ्या एका बाजूला, जाऊ दुसऱ्या. पुजाऱ्यांनी घडी उघडली, मोठ्यानं वाचली, आणि मान हलवत जावेकडं बघितलं; आधीच्या पत्रिकांमुळं ते तिला ओळखत होते. "बाई, तुमच्या हाताला देवीचा वर आहे."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तोंड उघडणार तोच जाऊ म्हणाली, "माझं न्हाय हो. अक्कांनी लिवलंय." म्हणजे तेवढंही मला तिच्याच तोंडून मिळायचं होतं!

लेकीनं कागदाकडं वाकून बघितलं. मग माझ्याकडं. चेहरा पार उतरला तिचा.

"आई, काकूकडनं लिहून घेतलंस?"

"न्हाय गं. मीच लिवलंय. दार लावून."

"मला कळतंय की अक्षर."

"अगं खरंच, आईनंच लिवलंय तुझ्या," जाऊ म्हणाली. "मी त्या दिवशी घरात तरी होते का?"

"राहू दे काकू, तू तिची बाजू घेऊ नको." लेकीनं पदरानं डोळे टिपले. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "लहानपणापासून ठरवलं होतं मी. माझी पत्रिका आईच्या त्या ठासलेल्या अक्षरात जाणार. काकूच्या अक्षरात पायजे असती, तर काकूचंच नाव घेतलं असतं की."

मला म्हणायचं होतं, कागद दे, इथंच लिहून दाखवते. पण दुसरा कागद नसतो. पुजाऱ्यांनी पत्रिकेची घडी घातली, देवीच्या पायाशी ठेवली, आणि मागच्या लोकांना पुढं या म्हणाले.