चावी चालूवरच होती

तेजश्री दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली आणि पुढे दिल्लीबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवू लागली. स्वभावाने तिखट. विमान उभं असलं तरी त्याच्या नाकावरच्या पंख्याला हात लावणाऱ्याची ती सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायची.

त्या जानेवारीत, धुकं निवळल्यावर, क्लबचा एक बडा सभासद छोटं विमान उडवून परतला. त्याने इंधन तोडून इंजिन थांबवलं, पण चावी बंद न करताच फोनवर बोलत निघून गेला. मेकॅनिक सुधन्वा विमान शेडमध्ये ढकलायला आला. पंखा आड येत होता म्हणून त्याने तो हाताने जरासा फिरवला. आत इंधनाचा अंश उरला होता. चावी चालूवर असल्यामुळे ठिणगी पडली आणि पंख्याने एक हिसका दिला. सुधन्वाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेजश्री धावली, त्याचा हात ओढणीत घट्ट बांधला, मग विमानात वाकून चावी स्वतः बंद केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर जयदीपने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चौकशी होणार. सभासदाने चावी बंद केली होती असं सांग. आणि यार, सुधन्वानेही बघायला हवं होतंच ना? तू, मी, सुधन्वा, आपण तिघंही मराठी. आपसात मिटवू."

तेजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघायला हवं होतं, बिल्कुल. पण चावी मी माझ्या हाताने बंद केली, सर. आपण मराठी आहोत हे त्याची बोटं गेल्यावर आठवलं तुम्हाला?"

"नोकरीचा विचार कर."

"केला," ती म्हणाली आणि उठली.

चौकशीत तिने पाहिलं ते सगळं सांगितलं. सभासदाचं उड्डाण काही महिने बंद झालं. सुधन्वाला क्लबने 'अनफिट' म्हणून घरी बसवलं, आणि तेजश्रीकडे शिकायला विद्यार्थीच पाठवेनात. ती दुसऱ्या क्लबात गेली. तिथे तिने एकच अट घातली, सुधन्वालाही घ्यायचं. मालक बराच वेळ कुरकुरला, शेवटी तयार झाला. आता नव्या विद्यार्थ्यांना पंख्यापासून कसं जपायचं ते सुधन्वाच शिकवतो.

उन्हाळ्यात तो सभासद पुन्हा उडाला. जुन्या क्लबाने त्याच्यासाठी चहापान ठेवलं होतं म्हणे. सुधन्वाचा हात कसा आहे, हे विचारायला मात्र तिथलं कोणी आजवर फिरकलेलं नाही. हे सांगताना तेजश्रीचा आवाज अजूनही चढतो.