मशीन फेकायचं नाही

शुभाताई आगाशे इंगोलश्टाटजवळच्या एका छोट्या पुरवठादार कंपनीत एकोणीस वर्षं ड्राफ्टिंग करत होत्या. गाडीच्या दाराचा पत्रा वेल्डिंगच्या वेळी जरासुद्धा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी जी फिक्श्चर असतात, त्यांची ड्रॉइंग्ज त्या काढायच्या. सांगलीला डिप्लोमा केलेला. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे सुधीररावांबरोबर, जर्मनीत आल्या तेव्हा जर्मनचा एक शब्द येत नव्हता. पण ड्रॉइंग वाचायला भाषा लागत नाही, या एका गोष्टीवर त्यांनी नोकरी मिळवली होती.

२००५च्या शेवटी कंपनीनं सपाट ड्रॉइंग्जचा विभागच बंद केला. यापुढे सगळं थ्रीडीमध्ये होणार होतं आणि ते काम दुसरीकडे जाणार होतं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी केक कापला आणि म्हणाले, आता निवांत बागेत बसा. शुभाताई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. त्यांना बाग नव्हती आणि निवांत बसायचंही नव्हतं. वय त्रेपन्न.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच इंगोलश्टाटला आले होते, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये. सुरुवातीला त्या मला रागीट वाटायच्या. जिन्यात भेटल्या की “काय गं, जर्मन शिकतेस की नाही?” असं दरडावून विचारायच्या. पुढे कळलं की तो दरडावण्याचा सूर त्या स्वतःशीही तसाच लावतात.

थ्रीडीचा कोर्स घ्यायला त्या एका खाजगी संस्थेत गेल्या. तिथल्या माणसानं त्यांच्याकडे पाहून ऑफिसकामाच्या कोर्सची माहिती पुढे सरकवली. तुमच्या वयाच्या बऱ्याच बायका याच वर्गात असतात, तुम्हालाही सोपं जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. शुभाताईंनी तो कागद त्याच्याकडे परत सरकवला. “मला पत्रं टाइप करायची नाहीत. मला फिक्श्चर काढायचंय,” एवढंच बोलल्या आणि नाव नोंदवून आल्या.

वर्गात मशीन चांगली होती. पण सराव घरी करायचा, आणि घरचा कॉम्प्युटर पाच वर्षांचा. थ्रीडीतला साधा खोका फिरवायचा म्हटला तरी तो अडखळत, तुकड्यातुकड्यांनी फिरायचा. वर्गातल्या एकानं सांगितलं की वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं तर काम होईल. शुभाताईंनी मासिकं वाचली, आपल्या मशीनच्या खाचेत बसेल असं कार्ड शोधलं आणि घेऊन आल्या.

जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरून त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी घर गरम ठेवणाऱ्या हायझुंगच्या लोखंडी नळीला हात लावला. कार्ड खाचेत दाबून बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. डब्यातून एक लांब शिट्टी आली आणि मागोमाग दोन आखूड.

सुधीरराव मोठ्या कार कारखान्यात क्वालिटी विभागात होते. स्वभावानं शांत, मदतीला कायम तयार. घरातली बँक, टॅक्स, टीव्हीची चॅनल्स, सगळं तेच बघायचे. त्यांनी डब्यात एकदा डोकावून पाहिलं आणि सुचवलं, “अगं, जुना झाला तो. शनिवारी मी नवीन आणतो आणि सगळं बसवून देतो.”

“अहो, तुम्ही बसवून दिलंत की बिघडल्यावर पुन्हा तुम्हालाच हाक मारायची. मला हाक मारायची नाहीये.”

सुधीररावांना हे लागलं असावं. ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

शिट्ट्यांचा अर्थ शुभाताईंनी मशीनच्या पुस्तिकेत शोधला. मशीनला कार्ड दिसत होतं, पण ते चालत नव्हतं. त्यांनी कार्ड काढून उजेडात धरलं तेव्हा त्याच्या कडेला एक पांढरं, चार टोकांचं सॉकेट दिसलं. आधी ते नजरेतून सुटलं होतं. कार्डाला खाचेतून मिळते त्याहून जास्त वीज लागत होती. तारांच्या जुडग्यात एक मोकळा प्लग लोंबत होता, तो तिथे लावला. पडद्यावर चित्र आलं, आणि त्या दिवशी आमच्याकडे शिऱ्याची वाटी आली.

तो आनंद दोन दिवस टिकला. साधी चित्रं नीट दिसायची. पण थ्रीडीचं मोठं मॉडेल घेऊन फिरवायला लागलं की सगळं जागच्या जागी गोठायचं. माउस हलत नसे, कीबोर्ड दाद देत नसे. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलेलं.

त्यांनी डबा बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घातला आणि बसनं एका दुकानात नेला. दुकानदारानं तो उघडलासुद्धा नाही. किती वर्षांचा आहे विचारलं आणि म्हणाला, “लोन्ट झिश निश्ट.” म्हणजे यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

“मी ते विचारलं नव्हतं,” शुभाताई जर्मनमध्ये म्हणाल्या. “बिघाड कशात आहे, हे विचारलं होतं.”

त्यानं खांदे उडवले. मदरबोर्ड असेल, काहीही असेल, फेकून द्या. शुभाताईंनी पिशवीची झिप लावली आणि डबा परत घरी आणला. जिन्यात मला भेटल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता. मी पिशवीला हात लावायला गेले, तर त्यांनी लावू दिला नाही. तीन मजले ती त्यांनी एकटीनंच चढवली.

मग त्या एकेक शक्यता खोडायला लागल्या. जुन्या ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर नव्याशी भांडत असेल म्हणून ते मुळापासून काढलं, मशीनमधलं आधीचं ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. गोठणं थांबलं नाही. गरम होत असेल म्हणून डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि टेबलफॅनचा झोत आत सोडला. उपयोग झाला नाही. मेमरीच्या पट्ट्या एक एक करून काढून पाहिल्या. त्याही निर्दोष निघाल्या. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन एकदम नाही, हा त्यांचा नियम होता. घाईनं दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

याच सुमारास आयश्टेटच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या छोट्या कंपनीतून फोन आला. हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल नावाचे गृहस्थ, स्वतःचं वर्कशॉप, फिक्श्चर बनवतात. शुभाताईंचा अर्ज त्यांना बरा वाटला होता. शुक्रवारी दुपारी त्यांनी बोलावून घेतलं, एका वाकड्या पत्र्याचं ड्रॉइंग हातात ठेवलं आणि सांगितलं की याला धरणारं फिक्श्चर थ्रीडीत काढून सोमवारी सकाळी घेऊन या, मग बोलू.

शनिवारी सकाळपासून त्या कामाला बसल्या. दर दहा मिनिटांनी सेव्ह करत अर्ध्यावर आल्या आणि एकदा मशीन सेव्ह करतानाच गोठलं. फाइल उघडेना. पाच तासांचं काम गेलं.

संध्याकाळी मी काहीतरी द्यायला वर गेले. दार सुधीररावांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शुभाताई उघड्या डब्याला कान लावून बसल्या होत्या. एका हातानं पडद्यावर वर्गातलं एक मोठं मॉडेल फिरवत होत्या. “ऐक,” त्या मला म्हणाल्या. मी वाकले. मॉडेल वेगानं फिरायला लागलं, आतल्या पंख्याचा आवाज किंचित बसला आणि लगेच सगळं गोठलं.

“वीज कमी पडतेय त्याला,” त्या म्हणाल्या. मग सीडीची आणि जास्तीच्या डिस्कची वायर काढून पुन्हा फिरवलं. या वेळी ते बराच वेळ टिकलं, मग गोठलं. शंका उरली नाही. कार्ड चांगलं, बोर्ड चांगला. वीज पुरवणारा डबा, ज्याला इथे नेट्सटाइल म्हणतात, तो या नव्या कार्डासाठी अपुरा होता.

कारण सापडलं, पण शनिवारची संध्याकाळ झाली होती. दुकानं बंद झाली होती आणि रविवारी इथे काहीही उघडत नाही.

सुधीरराव म्हणाले, “मी सोमवारी सकाळी ब्रांडलना फोन करतो. मशीन बिघडलं म्हणून एक दिवस मागून घेतो. समजून घेतील.”

शुभाताई उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. “तुम्ही फोन करायचा नाही. माझ्या नोकरीसाठी माझा नवरा फोन करतोय, आणि तोही सवलत मागायला. तुम्ही तो केलात, तर मी सोमवारी तिथे जाणारच नाही.”

“मदतच करतोय गं मी.”

“माहितीये मला. म्हणूनच सांगतेय.”

मी जायला निघाले, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ईश्वरी कार्ल्सरूहेला शिकत होती, शनिवारी फोन करायची. शुभाताई मराठीत बोलत होत्या, ती पलीकडून नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तरं देत होती. आईनं सगळं सांगितल्यावर तिनं शांतपणे विचारलं की माझा जुना कॉम्प्युटर अजून खाली तळघरात, केलरमध्येच आहे ना? त्याचा बोर्ड गेलाय, पण त्यावर ती गेम्स खेळायची म्हणून नेट्सटाइल भक्कम घेतलं होतं. शुभाताईंनी फोन सुधीररावांच्या हातात दिला आणि केलरची किल्ली घेऊन खाली गेल्या.

रविवारी इथे ड्रिल चालवलं तर शेजारी पोलिसांना बोलावतात, पण स्क्रू काढण्यावर बंदी नाही. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी जुनं नेट्सटाइल काढलं. ईश्वरीचं थोडं लांब होतं, आत तिरकं घालावं लागलं आणि एक स्क्रू शेवटपर्यंत जागेवर बसलाच नाही. तो तसाच सोडला. सगळे प्लग लावले, दोनदा तपासले, बटण दाबलं. वर्गातलं तेच मॉडेल उघडून फिरवायला लागल्या. सुधीरराव पेपर खाली ठेवून बघत होते. मॉडेल फिरत राहिलं. शुभाताईंनी ते सरळ फिरवलं, उलट फिरवलं, जवळ आणलं, लांब नेलं. पंख्याचा आवाज एकसारखा राहिला.

“चहा टाका,” त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पहिल्यापासून फिक्श्चर काढायला बसल्या. दुपारचं जेवण सुधीररावांनीच केलं. गेलेलं काम पुन्हा करताना पत्रा पकडणारे दोन क्लॅम्प त्यांनी आधीपेक्षा वेगळ्या जागी ठेवले. शनिवारची जागा चुकीची होती, हे त्यांना रविवारी दिसलं.

सोमवारी हेर ब्रांडलनी मॉडेल बराच वेळ निरखलं. क्लॅम्पबद्दल दोन-तीन खोचक प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून घेतली. मग म्हणाले की काम चांगलं आहे, पण एक अडचण आहे. आमची कंपनी लहान आहे, मशीन बंद पडलं तर सांभाळायला वेगळा माणूस नाही. तरुण मुलांना ते जमतं.

“बंद पडलं तर मी उघडीन,” शुभाताई म्हणाल्या आणि शनिवार-रविवारची हकीकत त्यांनी सांगितली. तक्रारीच्या सुरात नाही, काय काय तपासलं तेवढंच. ब्रांडल ऐकताना हसले. मग त्यांनी सकाळची, अर्ध्या वेळेची नोकरी देऊ केली. या वयात पूर्ण दिवस जड जाईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“पूर्ण दिवस,” शुभाताई म्हणाल्या. “अर्ध्या दिवसासाठी मी एवढं केलेलं नाही.”

ते विचार करतो म्हणाले. आठवडा कोरडा गेला. सुधीररावांनी एकदाही विचारलं नाही, आणि ते त्यांच्यासाठी किती कठीण होतं हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पुढच्या आठवड्यात फोन आला तो पूर्ण वेळेचा, सहा महिने काम पाहून मग कायम करण्याच्या अटीवर. शुभाताईंनी “या, गेनाऊ”, म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणून फोन ठेवला, आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यांचं पहिलं फिक्श्चर पोलादात तयार झालं तेव्हा खालच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरनं निरोप धाडला की मागच्या बोल्टला पाना पोचत नाही. शुभाताईंना ते पटलं नाही. त्या खाली गेल्या, गॉगल लावला, त्याच्या हातातला पाना घेऊन स्वतः प्रयत्न केला. पाना खरंच पोचत नव्हता. त्यांनी त्याला तसं सांगितलं, अंतर मोजून घेतलं आणि वर येऊन जेवणाच्या सुट्टीआधी ड्रॉइंग बदललं.