यंदा मी सामानापाशी बसणार नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या घरात एका सॅकवरून महाभारत झालं!

उद्या मी बावीस दिवसांसाठी निघतेय. आधी नागपूरच्या उन्हात भाचीचं लग्न, तिथून मनालीची थंडी, येताना पुण्यात बारसं. सामान? पाठीवरची एक सॅक. बास.

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, श्रीगोंद्याहून खास मोठी सुटकेस घेऊन आल्या. सॅक बघून म्हणाल्या, "एवढंच व्हय? लोकं म्हनतील, घरातनं हाकलून दिली का काय!"

मी सगळं काढून दाखवलं. धुऊन-वाळवून घालायला तीन सुती ड्रेस, एकावर एक चढवायला दोन स्वेटर, लग्नाला एक साडी आणि कशावरही चालणारा काळा ब्लाउज.

"आन् बारशाला?"

"लग्नात आहेराची साडी मिळेलच की. तीच नेसेन."

अक्का हबकल्याच. आहेराची साडी कधी कुणी नेसतं का? ती कपाटात ठेवून पुढच्या लग्नात दुसरीला द्यायची असते!

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अक्का, मागच्या सहलीला आपल्या अकरा बॅगा होत्या. देऊळ असो, किल्ला असो, सगळे मला म्हणायचे, तू जरा सामानापाशी बस, आम्ही आलोच. मी काय बघितलं? अकरा बॅगा! यंदा मनालीचा बर्फ मी हातात घेऊन बघणार."

अक्कांनी सुटकेस उचलली. दारापर्यंत गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू ह्या घरात यायच्या आदी मीच बसायचे गं."

तुमच्या घरात सामानापाशी कोण बसतं?