सहा गच्च्यांवरचा एक बंब

मे महिन्यातला गुरुवार, सकाळचे सव्वासात. माल : सूर्यावर पाणी तापवणारा शंभर लिटरचा एक बंब, काचेच्या पेटीसह, किंमत अंदाजे अठरा हजार. हजर : मी, नाकाबंदीवरचे हवालदार, दोन पंच आणि टेंपोचालक. पंचनाम्याच्या या ओळी मला अजून तोंडपाठ आहेत. पुढे मोठे गुन्हेही हाताळले, पण इतके जामीनदार मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण या प्रकरणातली माणसं अजून तिथंच राहतात. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. विजेची बचत व्हावी म्हणून तिथल्या नगरपालिकेनं एक सवलत जाहीर केली होती. गच्चीवर सौर बंब बसवला, की घरपट्टीत काही टक्के सूट. अर्ज करायचा, लिपिक गच्चीवर चढून पाहणी करणार आणि पुढच्या बिलात सूट लागणार.

त्या भागात घरांच्या टाक्या, मोटारी, लोखंडी जाळ्या चोरीला जात होत्या. एका ओळखीच्या भंगारवाल्यानं हवालदारांना कळवलं होतं, की एक निळा टेंपो पहाटे बंब घेऊन फिरताना दोनदा दिसला आहे. म्हणून नाकाबंदी लावली. टेंपो आला, ताडपत्रीखाली बंब निघाला, बिल नव्हतं. चालक पंचेचाळिशीचा, काटक, स्वच्छ कपड्यातला.

"बंब कुणाचा?"

"घरचा हाय, साहेब."

"तुमच्या घरचा?"

"न्हाई. घरचा म्हंजी, एका घरचा."

"कोणत्या?"

यावर त्यानं टेंपोचे कागद पुढे केले. स्टेशन डायरीला नोंद झाली, टेंपो आवारात लागला, चालकाला चौकशीसाठी बसवून ठेवलं. मालकीचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर संशयित चोरीचा माल म्हणून गुन्हा दाखल करून त्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर करावं लागणार होतं. हे त्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हलला.

"साहेब, कुरकुंभच्या कंपनीत कॅन्टीनचा भाजीपाला नेतो मी. दोन वरसं थांबून गेटपास मिळालाय. पोलीस केस झाली तर सिक्युरिटीवाले पास काढून घेत्यात. मंग हा टेंपो घेऊन करू काय?"

"मग नाव सांगा आणि जा."

"ज्याचं नाव सांगीन त्याची नोकरी जाईल. माझा गेटपास जाईल तो एकट्याचा."

चोरी करणारा माणूस सहसा एकच नाव लपवतो, स्वतःचं. हा स्वतःचं नाव, गाव, टेंपोचे कागद सगळं देत होता. दुसऱ्याचं तेवढं देत नव्हता. इथं मी सावध झालो, पण सावध होऊन गुन्ह्याचा निकाल लागत नाही.

हवालदारांना गावात फिरवलं. बंब चोरीला गेल्याची तक्रार एकाही घरातून आली नाही. अठरा हजारांची वस्तू जाते आणि कुणाची झोप मोडत नाही, हे काही खरं नव्हतं.

दहाच्या सुमारास एक पोक्त गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाले, "जामीन राहायला आलोय."

"कुणाला?"

"त्या टेंपोवाल्यांना."

"नाव काय त्यांचं?"

"आम्ही टेंपोवालेच म्हणतो."

"अहो, अजून गुन्हाच दाखल नाही. जामीन कसला?"

"झाला तर असावा म्हणून."

त्यांना बाकावर बसवलं. अर्ध्या तासात दुसरे आले, किराणा दुकानदार. मग एक शाळेतले क्लार्क, मग दोघे एकत्र. बारा वाजायच्या आत पाच जामीनदार बाकावर ओळीनं बसलेले. एकमेकांकडे बघत नव्हते, आणि ओळख तर गल्लीची होती.

हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, माझ्या सख्ख्या मेव्हण्याला जामीन पायजे हुता तवा आठ दिस फिरलो. ही मंडळी तवा कुठं हुती?"

गरीब माणसाला जामीन मिळवणं किती अवघड असतं हे ठाण्यात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. जामीनदारानं आपली ऐपत दाखवायची असते. शेतकरी सातबारा आणतो, गावातला माणूस घरपट्टीची पावती. या पाचही जणांनी रीतीप्रमाणे चालू वर्षाच्या ताज्या पावत्या आणल्या होत्या. मी त्या मागून घेतल्या. माझ्या टेबलावर आलेला कागद मी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचतो. पाचही पावत्यांवर एक ओळ सारखी होती : सौर उपकरण सूट. एकशे बारा, एकशे अडतीस, शहाण्णव, एकशे चौपन्न, एकशे वीस.

मी पावत्या परत दिल्या नाहीत. हवालदारांना पत्ते दिले आणि म्हणालो, "नुसत्या गच्च्या बघून या."

ते तासाभरात आले. "एका गच्चीवर कुरडया वाळत्यात, दुसरीवर गाद्या, एकीवर कुत्रं बांधलंय, दोन रिकाम्या. बंब कुठंच न्हाई. पण विटांचे चार-चार ठोकळे समद्यांकडं मांडलेत, बंबाच्या पायांच्या मापाचे."

मी पाचही जणांना आत बोलावलं आणि आवारातल्या बंबाकडे बोट केलं. दुकानदार म्हणाले, "साहेब, सवलत सरकारनंच दिलीय की."

"बंबाला दिलीय," मी म्हणालो. "तुम्हाला नाही."

मग सगळं बाहेर आलं. बंब एकच होता. एकाच्या गच्चीवर चढायचा, लिपिक पाहून जायचा, मग परत मालकाकडे. पुढच्या पाहणीला पुन्हा निघायचा. लिपिकाचं काही चुकलं नव्हतं. त्यानं प्रत्येक गच्चीवर खराखुरा बंब पाहिला होता, आणि एका कंपनीचे बंब एकसारखेच दिसतात. आदल्या दिवशी सहाव्या घरी पाहणी झाली होती आणि टेंपो तिथूनच बंब घेऊन मालकाकडे परत निघाला होता. ते सहावे गृहस्थ ठाण्याकडे फिरकले नाहीत.

मी हिशेब घातला. टेंपोचं जाऊन-येऊन भाडं ऐंशी. शहाण्णव रुपये सूट मिळालेल्या क्लार्कसाहेबांच्या पदरात पहिल्या वर्षी सोळा रुपये पडले होते. त्यांना तसं सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "पण साहेब, सूट दरवर्षी आहे."

मालकाचं नाव मात्र त्यांनीही सांगितलं नाही. ते सांगायची वेळच आली नाही. अडीच वाजता सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर ड्यूटी संपवून गणवेशातच आल्या. हातात बंबाचं बिल आणि वॉरंटी कार्ड.

"बंब माझा आहे. ह्या टेंपोवाल्यांना सोडा."

चालक उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही कशाला आलात? मी सांगितलं नव्हतं काही."

"म्हणूनच आले. तुम्ही सकाळपासून इथं, आणि मी तिथं लोकांना सुया टोचत बसू?"

त्यांनी काही लपवलं नाही. उन्हाळ्यात गरम पाणी लागत नाही, शेजाऱ्यांनी मागितला, वास्तुशांतीला भांडी द्यावीत तसा दिला. "कशाला न्यायचे ते कळत होतं," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांना नाही म्हणायला जमलं नाही." त्यांच्या घरपट्टीत सूट किती, असं मी विचारलं. एक पैसाही नव्हती. घर अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे अर्जच घेतला गेला नव्हता. ज्यांचा बंब होता त्यांनाच सवलत नव्हती.

चोरीचा गुन्हा उरला नाही. चालकाचा जबाब घेऊन त्याला मोकळं केलं आणि कंपनीला दाखवण्यासाठी, त्याच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. त्या दिवसाची भाजी गेली, गेटपास राहिला. खोटी सूट घेणं हा नगरपालिकेच्या तक्रारीचा विषय होता. मी त्यांना लेखी कळवलं. पाचही जणांनी आठवड्यात रक्कम भरली, सहाव्यांनी अर्ज मागे घेतला, नगरपालिकेनं तक्रार दिली नाही. सिस्टरांबद्दल माझ्या कळवण्यात बंबाच्या मालक एवढाच उल्लेख होता, कारण त्यांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

ही माणसं चोर नव्हती. दुकानात चुकून जास्त आलेला रुपया त्यांनी परत दिला असता. पण घरपट्टी भरायला कुणाचाच हात मोकळा नसतो, आणि नगरपालिका म्हणजे कुणीच नाही, अशी त्यांची समजूत होती. टेंपोवाला अडकला तेव्हा त्यांना कळलं, की अशा खोट्या सुटीची किंमत कुणीतरी एक माणूस भरतोच. ते पाच जण त्याच्यासाठी आले होते की आपलं नाव निघेल या भीतीनं, हे मी आजही ठरवू शकत नाही. दोन्ही असावं. त्यानंतर माझ्या ठाण्यात जामीनदार आला, की मी आधी त्याच्याशी बोलायचो आणि मग आरोपीशी.

मुद्देमाल परत नेण्याचा खर्च मालकाचा, हा नियम. बंब त्याच टेंपोत चढला. सिस्टरांनी पर्स उघडली, तसा चालक मागे सरकला. "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमच्याकडून कुठं घ्यायचं?"

"घ्या मुकाट्यानं. फुकटच्या नादानंच इथं आलोय सगळे."

नगरपालिकेच्या खजिन्यात सहाशे वीस रुपये परत आले. एका खेपेचे चाळीस रुपये टेंपोवाल्यानं खिशात ठेवले.