लिंबूसताचा चमचा

बरणी थंड झाली की मावशी झाकणाच्या मधोमध अंगठा दाबायची आणि कान खाली न्यायची. झाकण टक् वाजलं, म्हणजे घट्ट बसलेलं नाही; ती बरणी बाजूला. नाही वाजलं, तर एकदाच मान हलवून पुढची घ्यायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी तुम्ही आंधळगावला तिच्या अंगणात डोकावला असता, तर ही बाई बरण्यांची नाडी बघतेय असंच तुम्हाला वाटलं असतं.

मी तिचा शेजारी. रक्ताची मावशी नव्हे, पण सगळी वस्तीच तिला मावशी म्हणायची. मी वरठीच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी अंथरुणात लोळत असलो की भिंतीपलीकडून हाक यायचीच, "ये गा बाबू, गंज उचलाचा आहे." गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. एका गंजात आठ बरण्या मावायच्या.

टोमॅटोला आम्ही भेदरे म्हणतो. फेब्रुवारीत ते मातीमोल होतात. मावशी आणि वस्तीतल्या पाच-सहा बाया त्यांचा रस शिजवून बरण्यांत भरून ठेवायच्या, चौदा एप्रिलच्या जेवणासाठी. त्या दिवशी विहारापुढे सारी वस्ती पंगतीला बसते, रांगत्या लेकरापासून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत.

भंडाऱ्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून तिनं एक वही भरून आणली होती. चौथी शिकलेली ही बाई त्या वहीतला एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. बरण्या उकळलेल्या हव्यात. प्रत्येक बरणीच्या तळाशी अर्धा लहान चमचा लिंबूसत, म्हणजे ती आंबट पांढरी भुकटी, त्यावर गरम रस, तोंडाशी थोडी जागा मोकळी. मग झाकण लावून पाण्यात पूर्ण बुडवायची आणि पाऊण तास उकळायची. पाऊण तासाची गिनती पाण्याला उकळी फुटल्यापासून. एखादी बाई कंटाळून म्हणाली, "झालं असन वो मावशी," की ही म्हणणार, "घड्याळ काय म्हनते ते पाय."

मला याची गंमत वाटायची. "अर्ध्या चमच्यासाठी एवढं कायले करता?" मी एकदा विचारलं.

"हवा नाही तिथंच वाढनारा जंतू असते गा. उकळूनही त्याचं बी राहते. आंबट असन तर ते उठत नाही. आन् उठलं, तर ना वास येत, ना रंग बदलत. मानूस खाते आन् आडवा होते." मग तिचं ठरलेलं वाक्य, "जिभेवर भरोसा नको ठेवू."

मी मदतीला लागलो त्या पहिल्या वर्षी लिंबूसताचा चमचा माझ्याच हातात होता. पाचपैकी कुठल्यातरी एका गंजाच्या वेळी मी रस चाखला. आमचे गावरान भेदरे, चांगले कच्चून आंबट. म्हटलं, याला आणखी कशाला आंबट करायचं? त्या आठ बरण्यांत मी काहीच टाकलं नाही. सांगितलंही नाही.

तेरा एप्रिलला संध्याकाळी तिच्या ओसरीवर चहा पिता पिता मी बढाई मारली, "मावशी, एका गंजाचं लिंबूसत वाचवलं बरं मी तुमचं."

तिनं कप खाली ठेवला. "कोनता गंज?"

मला आठवेना. चाळीस बरण्या एकाच फळीवर, एकसारख्या लाल, सगळ्यांची झाकणं घट्ट. बाया धावत आल्या. एक म्हणाली, वास घेऊन पाहू. दुसरी म्हणाली, बोटभर चाखून पाहू, लगेच समजन. मावशी आडवी उभी राहिली. "झाकन कोनी खोलू नका. वासाले न् जिभेले जे समजतच नाही, ते त्याईले काय विचारता?"

तिनं मला कुदळ दिली. विहिरीपासून दूर, परसाच्या टोकाला मी कमरेइतका खड्डा खणला. चाळीसच्या चाळीस बरण्या तिनं स्वतःच्या हातानं, न उघडता, एकेक करून आत ठेवल्या. "फेकल्या तं कुत्रं चाटन, बकरी चाटन," एवढंच म्हणाली. मला एक वाकडा शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी माती लोटत होतो आणि लाजेनं मला मान वर करवत नव्हती. दोन महिने जपलेली मेहनत त्या बाईनं स्वतःच पुरली, हे मी आजही विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी चिंचेवर झाली. पंगतीत कुणीतरी कुरकुरलं. मावशी वाढता वाढता म्हणाली, "खाय बापा. उद्या भेटाचं आहे आपल्याले."

खरं नवल पुढच्या वर्षी. मी लांबच उभा होतो. तिनं बोलावून चमचा माझ्याच हातात दिला. "तूच टाक. आता तुह्यानं सुटत नाही." फक्त एक नवीन गोष्ट केली. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवला. त्यावर तारीख, गंजाचा नंबर आणि लिंबूसत टाकणाऱ्याचं नाव. नाव ती स्वतः लिहायची, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच. आमच्या कारखान्याच्या फाटकावर सुरक्षेची मोठी पाटी आहे. तिच्याखालून मी वर्षानुवर्षं ये-जा केली, पण तिचा अर्थ मला कळला तो त्या चिकटवलेल्या कागदावरून.

यंदा शेवटचा गंज लावताना मावशीच्या छातीत कळ आली. तिला भंडाऱ्याला नेलं, ती परत आली नाही. गंज चुलीवर होता, बायांनी वेळ पाळून तो उतरवला आणि तिनं आधीच लिहून ठेवलेले कागद बरण्यांवर चिकटवले.

चौदा एप्रिलला सकाळी आम्ही फळीवरच्या बरण्या उतरवल्या. शेवटच्या आठ बरण्यांवर तिच्या वाकड्या अक्षरात तारीख होती, गंजाचा नंबर होता. नावाची जागा कोरी होती.

"तूच टाकलं होतंस ना?" बायांनी विचारलं.

मला वाटतं, टाकलं होतं. जवळजवळ खात्री आहे.

"मग लिही ना नाव. मावशीच्या हातचं शेवटचं आहे, बाबू."

कुणीतरी पेन पुढे केलं. मी एका झाकणावर अंगठा दाबला, कान खाली नेला. झाकण वाजलं नाही, घट्ट बसलं होतं; पण आत लिंबूसत आहे की नाही, ते झाकण सांगत नाही. तिचं अक्षर अंगठ्याखाली होतं, आणि डोळ्यांपुढे धूसर होत होतं.

नाव असलेल्या बाकीच्या बरण्या मी स्वयंपाकाकडे पाठवल्या. पेन परत दिलं आणि कुदळ मागितली.